एकसरचे वीरगळ व सोमेश्वर शिलाहार

मुंबईच्या उत्तरेस बोरिवलीजवळ एकसर येथें सहा वीरगळ आहेत. पैकीं चार सुमारें १० फूट उंचीचे आहेत. वीरगळ सामान्यतः खालून वर वाचावा लागतो: तळाशीं युद्ध व वीराचें पतन, मध्यें अप्सरांसह स्वर्गारोहण, शिरोभागीं शिवपूजा. एकसरचा विशेष हा कीं, कांहीं शिळांवरील युद्ध समुद्रांतलें असून डोलकाठ्या व वल्हीं असलेल्या नौकांच्या रांगा तेथें कोरलेल्या आहेत.

उत्तर कोंकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यानें देवगिरीच्या महादेव यादवापुढें हार खाऊन समुद्रांत देह ठेवला, असें हेमाद्रीच्या राजप्रशस्तीवरून समजतें. महादेव इ. स. १२६१ मध्यें गादीवर आला. यावरून पुष्कळांनीं एकसरचें युद्ध तें हेंच, असें ठरविलें. दुसरे अभ्यासक शैलीवरून या शिळा त्याहून जुन्या मानतात.

आमच्या मतें पहिला निर्णय घाईचा आहे. हेमाद्रि हा विजेत्याचा मंत्री. त्याची प्रशस्ति राजाचा अंत सांगते, एकसरच्या वीरांविषयीं कांहीं सांगत नाहीं. शिवाय एवढ्या प्रचंड शिळा उभारण्यास द्रव्य व सत्ता लागते. शिलाहारांचें राज्य बुडाल्यावर त्यांच्या वीरांचें हें स्मारक कोणीं उभारिलें? आणि वीर यादवांचे असतील, तर तसें दाखविणारें प्रमाण कोणतें? या प्रश्नांचें उत्तर मिळेपर्यंत ‘नौयुद्धाचे वीरगळ’ एवढेंच म्हणणें रास्त होय.

गांवोगांवच्या वीरगळांस शेंदूर चढून कोरींव काम बुजत आहे. संग्राहकांनीं शिळा न हालवितां त्यांचे ठसे आधीं घ्यावे, व नांव मागाहून द्यावें.