मानमोडीची ओळख

चंदीगढच्या स्नातकोत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत आज रुग्णाच्या घशातील स्रावाचा नमुना पोहोचला, म्हणजे हा इन्फ्ल्युएंझा आहे काय, आणि असल्यास कोणत्या जातीचा, हे काही तासांत सांगता येते. या काही तासांमागे जवळजवळ शंभर वर्षांची धडपड आहे.

1918 च्या जूनमध्ये ही साथ मुंबईत उतरली. लोकांनी तिला ‘मानमोडी’ म्हटले. लोकांजवळ निदान नाव तरी होते. वैद्यकशास्त्राजवळ कारणही धड नव्हते. फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला सापडलेला जंतूच हिचे मूळ, असे पुष्कळांस वाटे. 1933 साली स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या इंग्रज संशोधकांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या साहाय्याने खरा विषाणू वेगळा केला, तेव्हा ती समजूत मोडली.

पण विषाणूची जात ओळखावयाची कशी? 1941 मध्ये अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांच्या ध्यानात आले की, हा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटवितो. यावरून निघालेली युक्ती मोठी देखणी आहे. नमुना कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यात टोचावयाचा, दोनतीन दिवसांनी आतील द्रव काढावयाचा व त्यात रक्तपेशी मिसळावयाच्या. विषाणू नसेल तर पेशी तळाशी कुंकवाच्या टिकलीसारख्या गोळा होतात. असेल तर त्यांचे जाळे पसरते. मग ओळखीच्या एकेका जातीविरुद्धचे रक्तजल त्या द्रवात आधी घालून पाहावयाचे. ज्याच्यामुळे जाळे न होता पुन्हा टिकली उमटते, ती त्याची जात!

मे 1957 मध्ये सिंगापूरहून आलेल्या जहाजातून ‘आशियाई’ साथ मद्रासला आली. त्या वेळी देशाचे इन्फ्ल्युएंझा केंद्र कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत होते, आणि भिस्त होती ती या अंड्यांवरच. पुढील फेब्रुवारीपर्यंत 44 लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. विषाणू मात्र अंड्यात आपल्याच गतीने वाढे. उत्तर येई तोवर रुग्ण बरा तरी झालेला असे, नाही तर गेलेला. ते उत्तर साथीचा माग काढण्यास व लशीस उपयोगी. अंथरुणावरच्या माणसास नव्हे.

2009 च्या साथीत हा हिशेब पालटला. ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसल्यापासून 48 तासांच्या आत दिल्यास अधिक गुणकारी ठरते. विषाणूच्या आरएनएवरून त्याचा विशिष्ट अंश अनेक पटींनी वाढवून ओळखणारी पीसीआर तपासणीही हाताशी होती. परंतु आरंभी ती दिल्ली व पुणे येथील राष्ट्रीय प्रयोगशाळांतच होई. 3 ऑगस्टला देशातील पहिला बळी पुण्यात गेला आणि नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. तपासणी शीघ्र, पण नमुन्याची वाट लांब! पुढे प्रयोगशाळा वाढविल्या गेल्या, चंदीगढची संस्था त्यांत आली, आणि उत्तरेचे नमुने जवळच तपासले जाऊ लागले. पाव तासात उत्तर देणाऱ्या पट्ट्याही तेव्हा होत्या. पण त्यांनी ‘नाही’ म्हटले तरी विश्वास ठेवता येत नसे, कारण कित्येक खरे रुग्ण त्यांतून निसटत. अशी घाई काय कामाची? म्हणूनच गंभीर रुग्णास अहवालाची वाट न पाहता औषध देण्याचा सल्ला शहाणपणाचा होता.

अंड्यांना मात्र रजा मिळालेली नाही. 2010 मध्ये पुण्यात तयार झालेली, नाकात फवारावयाची लस कोंबडीच्या अंड्यांतच वाढविली होती.