चोरखिशातली टोपी

लहानपणी आमच्या घरी आजोबांचा एक जुना काळा कोट होता. आजोबा सोलापुरात शिवणकाम करीत, त्यामुळे कोट त्यांनी स्वतःच बेतलेला. बाहेरून दोन खिसे, आणि आत अस्तरात, डाव्या बगलेखाली, तिसरा. या तिसऱ्याला ते चोरखिसा म्हणत. ''यात काय ठेवायचात?'' असे मी एकदा विचारले. मला वाटले, पैसे म्हणतील. ते म्हणाले, ''टोपी.'' त्या उत्तराचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. तो सांगण्यासाठी आज थोडे मागे जाऊ या.

कपडा अंग झाकतो, तसा तो हत्यारही झाकतो, हे आपल्याकडे फार जुने आहे. सर्वांना ठाऊक असलेला दाखला प्रतापगडचा, १० नोव्हेंबर १६५९ चा. अफझलखान विजापूरहून निघाला तो तुळजापूर, पंढरपूर करीत वाईकडे गेला, म्हणजे आपल्याच मुलखातून. भेटीच्या दिवशी शिवाजी महाराजांच्या अंगावरच्या पोशाखाखाली चिलखत होते आणि जवळ बिचवा व वाघनखे होती, असे बखरी सांगतात. त्या काळचा पोशाख घोळदार, अस्तन्या सैल. त्यात असे हत्यार सहज सामावत असे. वाघनखे तर मूठ मिटली की दिसेनाशी व्हायची.

पिस्तूल आले तेव्हा मात्र पंचाईत झाली. १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला, तेव्हा लपवणे भागच होते. पण लपवायचे कुठे? धोतराच्या कनवटीला सुपारी आणि चार नाणी राहतात. लोखंडाचा जड तुकडा राहत नाही. पातळ सदऱ्याच्या खिशात ठेवावे तर खिसा लोंबतो आणि आकार उमटतो. त्यातून रिव्हॉल्व्हरचे गोळ्या भरायचे चक्र फुगीर. बेल्जियमचे ब्राउनिंग पिस्तूल चपटे असे, म्हणून ते खिशात सोयीचे पडे. १९०९ साली अशी वीस ब्राउनिंग पिस्तुले लंडनहून सावरकरांनी हिंदुस्थानात पाठवली. चतुर्भुज अमीन यांनी ती पेटीच्या चोरकप्प्यातून आणली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात, 'शारदा' नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या.

दर्जीच्या नातवाला यात एक गंमत दिसते. पिस्तूल लपवायला सर्वांत सोयीचा कपडा कोणता? कोट. जाड कापड, आत अस्तर, अस्तरात खिसा. आणि हा कोट आणला कोणी? इंग्रजांनीच! आपल्या शहरी मंडळींनी तो धोतरावर चढवला आणि तो प्रतिष्ठेचा पोशाख झाला. सभ्य दिसणाऱ्या कपड्यावर कोणी संशय घेत नाही. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास यांनी गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सनवर गोळ्या झाडल्या; त्यांचे रिव्हॉल्व्हर पदवीच्या झग्याखाली होते. गव्हर्नर बचावले.

आता सोलापूरकडे येतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्यांचे हे गाव पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला. पोलिस चौक्या जळाल्या, कोर्ट जळाले. काही दिवस गावात सरकार उरले नव्हते. मग १२ मेला मार्शल लॉ आला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. त्या दिवसांत राष्ट्रीय झेंडा मिरवणे हा गुन्हा ठरला. रस्त्याने गांधी टोपी घालून जाणाऱ्यांच्या डोक्यावरून शिपाई टोप्या उतरवू लागले.

जरा विचार करा. वीतभर पांढरे कापड. त्याला धार नाही, त्यात दारूगोळा नाही. पिस्तुलाची सारी ताकद ते दिसत नाही तोवर. टोपीची सारी ताकद ती दिसते यात. ती उघड्यावर घालायचीच वस्तू. आणि सरकारने नेमकी तीच लपवायला लावली.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे आज आपल्या गावात उभे आहेत. सोलापूरच्या या दडपशाहीचा सल पुण्यातल्या एका विद्यार्थ्याच्या मनात राहिला. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन कॉलेज पाहायला आले. मार्शल लॉच्या काळात इलाख्याचे गृहखाते यांच्याकडेच होते. कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी कपड्यांतून रिव्हॉल्व्हर काढले आणि अगदी जवळून गोळी झाडली. गोळी लागली, पण हॉटसन पडले नाहीत! खिशातल्या पाकीटवहीच्या धातूच्या बटणाने गोळी अडवली, असे तेव्हा सांगण्यात आले. लोकांत मात्र बोलवा वेगळी: साहेब आतून चिलखत घालून आले होते. बटण की चिलखत, काहीही धरा. एकाच्या कपड्यात रिव्हॉल्व्हर लपले होते आणि दुसऱ्याच्या कपड्यात त्याचा बचाव. प्रतापगडानंतर पावणेतीनशे वर्षे होत आली, तरी कपड्याचे काम तेच.

गोगटे यांना शिक्षा झाली. पुढे ते पुण्याचे महापौर झाले आणि लोक त्यांना 'हॉटसन गोगटे' म्हणूनच ओळखत राहिले. गांधीजींनी या हल्ल्याचा निषेध केला होता. पिस्तूल की सत्याग्रह हा वाद आपल्या घराघरांत झाला आहे, तो मी पुन्हा मांडत नाही. मला एवढेच दिसते की सोलापुरात आधी उघडी टोपी हिसकावली गेली, आणि पुण्यात लपवलेले रिव्हॉल्व्हर बाहेर आले ते त्यानंतर.

आजोबांचे उत्तर मला इथे कळले. मार्शल लॉच्या दिवसांत ते घरून काळी टोपी घालून निघत. पांढरी टोपी घडी करून चोरखिशात. ओळखीच्या गल्लीत शिरले की टोप्यांची अदलाबदल, चौक जवळ आला की पुन्हा अदलाबदल. ''भीती वाटायची का?'' मी विचारले. ''वाटायची की,'' ते म्हणाले. ''चौकात खिशातली टोपी दगडासारखी जड लागायची.''

कोटाला पुढे कसर लागली आणि तो गेला. मी लहान असताना आजोबा तो घालत, तेव्हा पांढरी टोपी डोक्यावर असायची. चोरखिसा रिकामा असे. त्यात मी शेंगदाणे ठेवत असे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)