पार्सल
पार्सल हा मराठीत रुळलेला, नपुंसकलिंगी इंग्रजी शब्द आहे. 'लहान भाग' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. जमिनीच्या तुकड्यालाही इंग्रजीत पार्सल म्हणतात. मराठीने तो अर्थ स्वीकारला नाही, कारण गट, भूखंड हे शब्द होतेच.

टपालाने वा रेल्वेने पाठवलेले पुडके हा मुख्य अर्थ. मात्र कात्रजला सातारा रस्त्यावरच्या उपाहारगृहात 'पार्सल' मागितल्यास बांधून दिलेले अन्न मिळते. ब्रिटिश इंग्रजीत यास 'टेकअवे' म्हणतात. तेथे 'पार्सल' म्हटल्यास गैरसमज संभवतो.

राजकारणात मतदारसंघाबाहेरून लादलेल्या उमेदवारास 'बाहेरचे पार्सल' म्हणून हिणवतात. 'पार्सल परत पाठवा' या घोषणेतला उपरोध टपालातील परतीच्या व्यवस्थेवर आधारलेला आहे.