चारा सोडलेला ससा : मुंबईच्या उपनगरांतील पशुशुश्रूषेचा एक शब्देतिहास

पाळीव ससा खाणे सोडतो तेव्हा त्याच्या रोगाचे निदान होण्यापूर्वीच घरातील माणसे त्या घटनेला एखादे नाव देतात, आणि पुढील उपचार बहुतांशी त्या नावावरून ठरतो. 'आज त्याचा उपास दिसतो', 'रुसला आहे', 'पोट बिघडले असेल, उद्या खाईल' ही वाक्ये अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील मराठी घरात कोणीही सहज उच्चारील. गाय, म्हैस वा कुत्रा यांच्याविषयी असे बोलून एक दिवस वाट पाहिली तर पुष्कळदा काही बिघडत नाही. सशाच्या बाबतीत तोच एक दिवस त्याच्या जिवावर बेतू शकतो. या वाक्यांमागे कोणता अनुभव साठलेला आहे, तो कोणत्या प्राण्यांच्या सहवासातून मिळाला आणि सशाला तो का लागू पडत नाही, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(१)

प्रथम नावाचा विचार करणे आवश्यक आहे. मराठी 'ससा' हा शब्द संस्कृत 'शश' व प्राकृत 'सस' या परंपरेतून आलेला आहे. गुजराती 'ससलुं' हे त्याचेच भावंड होय. उपनगरांतील बाजारात सर्रास ऐकू येणारे हिंदी 'खरगोश' हे नाव फारसीतून आले असून त्याचा शब्दशः अर्थ 'गाढवाच्या कानांचा' असा आहे. भारतात ही सर्व नावे मुळात रानसशाची होत. प्राणिशास्त्रात ज्याला लीपस निग्रिकॉलिस म्हणतात तो हा प्राणी. घरात पिंजऱ्यात दिसणारा पांढरा, करडा किंवा ठिपक्यांचा ससा मात्र ऑरिक्टोलेगस क्युनिक्युलस या निराळ्या प्रजातीचा असून त्याचे मूळ वसतिस्थान युरोपच्या नैऋत्येकडील आयबेरियन द्वीपकल्पाच्या परिसरात आहे. रानसशाची गुणसूत्रे ४८, तर या सशाची ४४. रानसशाची पिले उघड्या डोळ्यांनी व अंगावर केस घेऊन जन्मतात. पाळीव सशाची पिले आंधळी व उघडी जन्मतात. रानससा उघड्यावर झुडपाच्या आडोशाला राहतो. दुसरा जमिनीत बिळे करून कळपाने राहतो. या दोहोंचा संकरही होत नाही.

इंग्रजी, फ्रेंच व पोर्तुगीज या भाषांत ह्या दोन प्राण्यांना स्वतंत्र नावे आहेत, कारण ते भाषिक दोन्ही प्राण्यांच्या शेजारी राहत आले. मराठीला दुसऱ्या प्राण्याची ओळख फार उशिरा झाली, आणि तिने जुने नाव त्याला बहाल केले. यात भाषेचा दोष नाही. नव्या वस्तूला जवळच्या वस्तूचे नाव देणे ही सर्व भाषांची रीत आहे. तथापि नावाबरोबर त्या नावाभोवतीचा अनुभवही स्थलांतरित होतो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

मराठीत सशाभोवती जो अनुभव साठला आहे तो पाठलागाचा व कथेचा आहे. 'ससेहोलपट' हा शब्द शिकाऱ्यांच्या हाकाऱ्यात सापडलेल्या प्राण्याची दशा सांगतो. 'सशाचे काळीज' म्हणजे भित्रेपणा. 'सशाचे शिंग' हे तर्कशास्त्रातून व्यवहारात उतरलेले, अस्तित्वात नसलेल्या वस्तूचे उदाहरण. चंद्रावरील डागात ससा पाहिल्यामुळे चंद्राला 'शशी' व 'शशांक' ही नावे मिळाली, आणि पंचतंत्रातील ससा सिंहाला विहिरीत उडी घ्यावयास लावतो. ('ससेमिरा' हा शब्द या कुळातील वाटला तरी तो वेगळा आहे, तो सिंहासनबत्तिशीच्या परंपरेतील एका कथेतल्या चार श्लोकांच्या आद्याक्षरांपासून झालेला आहे.) धर्मशास्त्रात ससा येतो तो भक्ष्य अशा पंचनख प्राण्यांच्या यादीत, मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात त्याचा असा निर्देश आहे. आयुर्वेदाच्या संहितांत त्याच्या मांसाचे गुण सांगितले आहेत. म्हणजे वैद्यकात सशाला स्थान होते, परंतु ते रोग्याच्या आहारात होते. आजारी ससा मराठी परंपरेत आढळत नाही. रानातला ससा आजारी पडला तर तो माणसाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच कोल्ह्याच्या वा घारीच्या तोंडी जातो.

उपनगरांत आज हे दोन्ही प्राणी एकमेकांच्या फार जवळ राहतात. बोरिवली व मुलुंड यांच्या मध्ये पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात रानससा आहे. त्याला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असून त्याला घरी आणून पाळता येत नाही. उद्यानाच्या भिंतीबाहेरील इमारतींत दुसरा ससा राहतो. दोघांचे नाव मात्र एकच.

(२)

आता 'खाणे सोडणे' या लक्षणाकडे वळावयास हरकत नाही. पशुचिकित्सेची भारतीय परंपरा प्राचीन आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्या, अशा दोन्ही चिकित्सांचा उल्लेख आहे. त्याच लेखमालेतील आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे वसईजवळच्या सोपारा येथे मिळाले आहेत. शालिहोत्राच्या नावाने अश्वचिकित्सा व पालकाप्याच्या नावाने गजचिकित्सा ही शास्त्रे प्रसिद्ध झाली. शालिहोत्र या नावापासून घोड्यांच्या वैद्याला 'सालोत्री' हे नाव पडले, आणि इंग्रजांच्या छावण्यांतून ते १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉब्सन-जॉब्सन या कोशातही जाऊन बसले. युद्ध, वाहतूक व शेती यांना उपयोगी पडणारे प्राणी हाच या शास्त्राचा विषय होता.

शेतकऱ्याच्या बोलीत या लक्षणासाठी नेमके शब्द आहेत. जनावराने 'चारा सोडला', 'वैरण तोंडी लावीत नाही', 'रवंथ बंद झाला', 'पोट फुगले' हे त्यांपैकी काही होत. यांतील 'रवंथ बंद होणे' हे लक्षण अनुभवी गुराखी सर्वांत गंभीर मानतो. बैलाने एक वेळ वैरण नाकारली तरी त्याच्या पोटात आधीचा साठा असतो व तो रवंथ करीत राहतो. रवंथ थांबला म्हणजे मात्र धोका ओळखावयाचा. ही पारख शतकांच्या निरीक्षणातून आलेली आहे आणि गुरांपुरती ती योग्य आहे.

याच्या जोडीला माणसांच्या वैद्यकातून आलेली 'लंघन' ही कल्पना आहे. ताप आला, अजीर्ण झाले, तर पोटाला विश्रांती द्यावी, हा संस्कार मराठी घरात खोल रुजलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायाचे नाव 'लंघनबृंहणीय' असे आहे, म्हणजे शास्त्रकाराने लंघनाच्या शेजारीच बृंहण, अर्थात पोषण, ठेवले आहे. लोकव्यवहारात मात्र त्या जोडीतील पहिला शब्द राहिला आणि दुसरा विस्मृतीत गेला.

(३)

मुंबईतील पशुसेवेच्या संस्थांचा इतिहासही याच दिशेने गेलेला दिसतो. १८३२ मध्ये शहरातील मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून दंगा झाला आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. तेथे निरुपयोगी झालेल्या जनावरांना आश्रय मिळाला. १८७४ पासून १९०५ पर्यंत मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे ओढीत असत. बैलगाड्या व टांगे तर सर्वत्र होते. अशा शहरात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने, परळ येथे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे होत. राबणाऱ्या जनावरांच्या दुखापती व साथी हा या संस्थांचा आरंभीचा मुख्य विषय होता.

उपनगरे त्या वेळी साष्टीतील भातशेतीची गावे होती. पेंढा व वरकस जमिनीवरील गवत हा तेथील गुरांचा चारा. पुढे शहराला दूध पुरविण्यासाठी म्हशींचे तबेले वाढले, आणि १९४९ मध्ये गोरेगाव येथे आरे दुग्ध वसाहतीची स्थापना झाली. उपनगरे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली ती १९५० व १९५७ या दोन टप्प्यांत. तोपर्यंत अंधेरी-जोगेश्वरीच्या रहिवाशाला आजारी जनावर म्हणजे दूध आटलेली म्हैस हेच चित्र परिचयाचे होते.

पाळीव ससा मुंबईच्या विद्याजगतात आला तो मुख्यतः प्रयोगशाळेच्या दारातून. लुई पाश्चरने १८८५ मध्ये अलर्करोगावरील लस सशाच्या मज्जारज्जूपासून तयार केली, आणि पुढे सलाइनसारख्या द्रावांत तापजनक पदार्थ आहे की नाही हे सशाला टोचून व त्याचे तापमान मोजून ठरविण्याची पद्धत औषधनिर्मितीत रूढ झाली. माणसाचे औषध निर्धोक आहे किंवा नाही याची साक्ष देणारा हा प्राणी स्वतः रोगी म्हणून दवाखान्यात येऊ लागला तो फार उशिरा, क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणांहून तो मुलांसाठी घरोघर जाऊ लागल्यानंतर. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांसंबंधीच्या केंद्रीय नियमांत कुत्रा व मांजर यांच्याबरोबर सशाचेही नाव आहे. कायद्याने त्याला घरातला प्राणी मानले. घरातल्या भाषेने अद्याप त्याची शुश्रूषा शिकून घेतलेली नाही.

(४)

सशाचे पोट कसे चालते हे पाहिले म्हणजे वरील वारसा कोठे अपुरा पडतो हे स्पष्ट होते. ससा रवंथ करीत नाही. त्याचे तोंड सतत हलताना दिसते म्हणून तसा भास होतो. बायबलच्या लेवीय पुस्तकातही त्याची गणना रवंथ करणाऱ्यांत केलेली आहे. त्याचे अन्न आंबते ते लहान व मोठ्या आतड्यांच्या संधीवरील अंधांत्र या मोठ्या पिशवीत. तेथे तयार झालेल्या मऊ लेंड्या तो गुदद्वाराशीच तोंड लावून पुन्हा खातो; या क्रियेचे शास्त्रीय वर्णन मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ मध्ये केले. आतड्यांची ही गती चालू राहण्यासाठी धागेदार चारा अखंड लागतो. तो थांबला की आतडी मंदावतात, वायू साठतो, वेदना होतात, आणि वेदनेमुळे ससा आणखी खात नाही. त्याला उलटी करता येत नाही. उपासमारीत अंगातील चरबी यकृताकडे धाव घेते व यकृत निकामी होऊ लागते. म्हणून लंघन हे येथे औषध नसून रोगाचाच पुढचा टप्पा होय.

या स्थितीची कारणे बहुधा साधी असतात. वाळलेल्या गवताऐवजी पोळी, बिस्किटे व गाजरे यांवर ठेवलेला आहार हे पहिले. दुसरे दातांचे: सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर, आणि गवत चावल्याविना ते झिजत नाहीत, वाढलेली टोके जीभ व गाल कापतात. तिसरे कारण मुंबईचा दमट उन्हाळा, आणि चौथे भीती. उपचारही आता पुष्कळसे निश्चित झाले आहेत. वेदनाशामक, द्रव पदार्थ, अंग थंड पडले असल्यास ऊब, आणि आतड्यात अडथळा नाही याची पशुवैद्याने खात्री केल्यावर पिचकारीने थोडा थोडा धागेदार लगदा भरविणे, हा त्याचा क्रम. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले असताना बळेच भरविणे घातक ठरते. घरात उरलेले पेनिसिलीन वर्गातील औषध तोंडावाटे देणे तर कधीही योग्य नाही; त्याने अंधांत्रातील उपकारक जंतू मरतात आणि विषारी जंतूंना मोकळे रान मिळते.

या सर्वांत काळाचे माप महत्त्वाचे आहे. सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही, किंवा तेवढ्या वेळात लेंड्या टाकल्या नाहीत, तर त्याला तातडीचा रुग्ण समजावे, असा आजच्या पशुवैद्यकाचा निर्णय आहे. बोरिवलीहून परळ सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. रात्री लक्षण दिसले आणि 'सकाळी पाहू' असे ठरले, म्हणजे त्या मुदतीतील बहुतेक तास प्रवासाला निघण्यापूर्वीच संपलेले असतात.

(५)

येथे मराठी भाषा अगदीच रिकाम्या हाताची आहे असे समजण्याचे कारण नाही. गुरांचे 'शेण', घोड्याची 'लीद' आणि शेळी-मेंढी व सशाची 'लेंडी' असा काटेकोर भेद तिने फार पूर्वीपासून केलेला आहे. हा भेद करणारे लोक जनावराच्या प्रकृतीची परीक्षा त्याच्या विष्ठेवरून करीत असले पाहिजेत, हे उघड आहे. सशाच्या बाबतीत हीच परीक्षा सर्वांत विश्वसनीय ठरते. लेंड्या बारीक होणे, केसांनी एकमेकींना जोडलेल्या निघणे, कमी होणे व अखेर बंद होणे, ही आतडी मंदावण्याची पायरीपायरीने दिसणारी चिन्हे होत, आणि ती ओळखावयास पिंजरा झाडणारे लहान मूलही पुरे पडते.

गुराख्याने 'रवंथ बंद' या दोन शब्दांत धोक्याची सूचना बांधून ठेवली, आणि ते शब्द कानी पडताच घरातील कर्ता माणूस उठून वैद्याकडे जात असे. सशासाठी तसेच काम 'लेंडी बंद' या शब्दांकडून करून घेता येईल. ते शब्द जुने आहेत, कोणालाही समजतात आणि त्यांत वाट पाहण्याची सूचना नाही. पशुवैद्यकावरील मराठी पुस्तिका व शालेय पाठ यांत 'उपास', 'रुसणे' या माणसांच्या शब्दांऐवजी हे शब्द योजले गेले, आणि त्यांच्यापुढे तासांचा आकडा लिहिला गेला, तर उपनगरांतील अनेक सशांचा एक दिवस वाचेल. त्यांच्या दृष्टीने तो एक दिवस फार मोठा आहे.