भिंतीचा उतारा: मंगळवार पेठेतलं जुनं घर घेण्याआधी

आजचा भाग घर विकत घेण्याबद्दल आहे, पण आपल्या सवयीप्रमाणे जाणार इतिहासातूनच.

कोल्हापुरात जुनं घर घ्यायचं ठरलं की आपण पहिल्यांदा कुणाकडे जातो? वकिलाकडे. सर्च रिपोर्ट काढायला. तीस वर्षांचे दस्त चाळले जातात, प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं, बोजा आहे का, बहिणींच्या सह्या झाल्यात का, सगळं बघितलं जातं. आणि हे सगळं योग्यच आहे. पण ज्या भिंतीच्या आत पोरंबाळं झोपणार, त्या भिंतीचा सर्च कोण काढतो? घरी एकदा चक्कर होते, कुणीतरी भिंतीवर हात थोपटतो, म्हणतो, "जुनं काम आहे, पक्कं असतंय." झाली तपासणी.

असं का होतं, याचं उत्तर सोपं आहे. मंगळवार पेठेत घर विकलंच जात नाही, जागा विकली जाते. दर ठरतो तो चौरस फुटावर, खासबाग किती जवळ, मिरजकर तिकटीला गाडी लागते का यावर. वरचं बांधकाम म्हणजे "पाडायचंच आहे की." पण पाडणं होत नाही. पुढे सोप्यात भाडेकरू असतो, एक भिंत शेजाऱ्याशी सामायिक असते, नवीन बांधायला पैसा शिल्लक राहत नाही. मग जागेच्या भावाने घेतलेल्या घरात माणसं वीस वर्षं राहतात. तपासायचं राहून गेलेलं घर तिथं महाग पडतं.

आता जरा मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरात मेजर चार्ल्स मँट नावाचा इंग्रज लष्करी इंजिनियर आणि वास्तुरचनाकार काम करत होता. टाउन हॉल त्याचा, नवा राजवाडाही त्याचाच. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडाही त्याने केला. १८८१ मध्ये तो वारला, राजवाडे पुरे होण्याआधीच. त्याच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: शेवटच्या काळात त्याचं मानसिक संतुलन गेलं आणि आपली गणितं चुकली आहेत, आपल्या इमारती कोसळणार, या भीतीने त्याला घेरलं. गोष्टीत तिखटमीठ किती ते बाजूला ठेवू. नवा राजवाडा १८८४ मध्ये पूर्ण झाला आणि अजून ताठ उभा आहे. मला या गोष्टीतली एक बाजू महत्त्वाची वाटते. त्या इमारतींना निदान गणित होतं. चुकलं असेल अशी भीती वाटायला आधी ते कुणीतरी मांडलेलं असावं लागतं. पेठेतल्या घरांना गणित नव्हतं, गवंडी आणि सुतार होते. त्यांचं ज्ञान पक्कं होतं, पण ते हातात होतं, कागदावर नव्हतं. म्हणून आज ते घर समजून घ्यायचं तर घरालाच विचारावं लागतं.

आणि घर सांगतं, बरं का. पेठेतलं जुनं घर म्हणजे एक घर नसतंच, एकावर एक चढलेली तीन-चार घरं असतात. खालचं जोतं काळ्या दगडाचं. त्यावर लाकडी खांब, तुळया, आणि मधे पांढऱ्या मातीच्या नाहीतर कच्च्या विटांच्या भिंती. छपराला मंगलोरी कौल दिसलं तर छप्पर १८६५ नंतरचं हे नक्की, कारण बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो त्या वर्षी. कोल्हापूरला मिरजेहून रेल्वे आली १८९१ मध्ये. त्यानंतर असा जड माल लांबून आणणं सोपं झालं. म्हणजे जोतं आजोबांच्या आजोबांचं आणि छप्पर पणजोबांचं, असं सहज असू शकतं. मागे परड्याकडे पक्क्या विटांची खोली, कुणाच्या तरी लग्नाच्या वेळी वाढवलेली. आणि सगळ्यात शेवटी संडास-बाथरूमचा स्लॅब.

ही उतरंड कळली की तपासणीत काय बघायचं ते कळतं. लाकडी सांगाड्याच्या घरात वजन खांब पेलतात, भिंत बहुतेक वेळा नुसती भरणी असते. म्हणून भिंतीला गेलेली तडा दिसायला भयानक असली तरी कधी कधी निरुपद्रवी असते. आणि ज्या खांबावर माडी उभी आहे तो वरून गुळगुळीत, रंगवलेला, आणि खाली कुजलेला असतो. कसं? जुन्या सुताराने खांब जमिनीत कधीच पुरला नव्हता. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, म्हणजे ओल लाकडापर्यंत चढायची नाही. नंतर कुणीतरी फरशी बदलली. जुनी उखडायचा कंटाळा म्हणून वरूनच नवी घातली. तळखडा गाडला गेला आणि खांबाचा पाय सिमेंटच्या ओल्या कपात जाऊन बसला. वाळवीला याहून चांगलं घर नाही.

रस्त्याचं पण तसंच. डांबरावर डांबर चढत गेलं. पूर्वी दोन पायऱ्या चढून सोप्यावर जायचं, आता काही घरांत पायरी उतरून जावं लागतं. जोत्याची उंची कागदावर तीच आहे, गल्ली वर आली आहे. पावसाचं पाणी आता पायाशी थांबतं. मातीच्या भिंतीवर आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारलेला असेल तर ती ओल बाहेर पडायला जागाच नाही. पूर्वी मातीचा, चुन्याचा गिलावा होता, तो ओल घ्यायचा आणि सोडायचा. आता गिलावा वरून ठणठणीत आणि आत माती भुसभुशीत. थोपटून आवाज पोकळ आला तर समजावं, आणि विकणाऱ्याची परवानगी घेऊन हातभर गिलावा काढून बघावा. कुठल्याही मशीनपेक्षा त्या हातभर जागेतून जास्त कळतं.

जमिनीचाही इतिहास आहे. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचं गाव. कपिलतीर्थावर आज मंडई आहे, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम. तळी बुजली, पाणी आपली वाट विसरलं नाही. गांधी मैदानात पावसाळ्यात काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. घराच्या पातळीवर तळ्याच्या जागी आड येतो. परड्यातला आड नळ आल्यावर दगडमाती टाकून बुजवला आणि वर खोली बांधली, असं घर असेल तर त्या कोपऱ्याची भिंत खचणारच. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारावा: "आजी, यांचा आड कुठं होता ओ?" उत्तर कुठल्याही दस्तात मिळणार नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, म्हणजे अंदाज करा. दुधाळी, शुक्रवार पेठ, शाहूपुरी या भागांत कच्च्या विटांच्या भिंती दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. अशा भिंती पूर ओसरल्यावर वाळताना फाटतात. तिथलं घर बघत असाल तर नवीन रंग बघून खूश होऊ नका.

आता भूकंप. दख्खनचं पठार कातळाचं, स्थिर, इथं भूकंप होत नाही, अशी समजूत घट्ट होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ती मोडली. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर. १८० च्या आसपास माणसं गेली. पश्चिम महाराष्ट्र हादरला, आणि १९७० च्या सुधारित भूकंप-नकाशात कोयनेचा परिसर वरच्या झोनमध्ये गेला. म्हणजे पेठेतली जी घरं १९६७ च्या आधीची आहेत, ती बांधणाऱ्याच्या मनात भूकंप नव्हताच. जुनं घर "कोयनेतून वाचलंय" असं विकणारा अभिमानाने सांगतो. वाचलं हे खरं. पण सांधे ढिले झाले का, तुळईचं टोक भिंतीतून इंचभर सरकलं का, हे तेव्हा कुणी बघितलं?

मग ३० सप्टेंबर १९९३. किल्लारी. जवळपास दहा हजार माणसं गेली. तिथल्या भिंती दोन-दोन अडीच-अडीच फूट जाड होत्या, आणि लोकांना जाडीचाच भरवसा होता. पण त्या जाड भिंती म्हणजे बाहेर दगडाचा एक पदर, आत एक पदर, मधे माती आणि खडी. दोन्ही पदरांना शिवणारा आडवा लांब दगड नाही. हादरा बसला की पदर सुटले, आणि वरचं मातीचं जड माळवद खाली आलं. आपल्याकडची दगडी भिंतही कित्येकदा अशीच दोन पदरी असते. ती मधेच फुगलेली दिसली, पोट सुटल्यासारखी, तर ओळंबा लावून बघा. फुगवटा म्हणजे पदर सुटायला लागलेत. हे बघायला ओळंब्याचा खर्च पुरतो, आणि तरीही सौदा करताना किती जण ओळंबा नेतात?

त्यानंतरचा थर सगळ्यात फसवा, कारण तो "पक्का" दिसतो. १९७०-८० च्या दशकांत मातीच्या घराच्या मागे किंवा चक्क वर स्लॅब पडले. तो काळ सिमेंट परमिटवर मिळण्याचा होता. सिमेंटच्या वाटपावरून १९८२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, इतकी ती वस्तू दुर्मीळ होती. अशा दिवसांत घरगुती स्लॅबमध्ये सिमेंट किती आणि वाळू किती पडली असेल, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. इथं मात्र यंत्रं उपयोगी पडतात. हातोड्यासारखं रिबाउंड हॅमर, काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून पोकळी शोधणारी चाचणी, सळईच्या गंजाची चाचणी. स्लॅबच्या पोटातून गिलावा पडून सळई उघडी पडली असेल तर विकणारा आधी प्लास्टर करून घेतो. म्हणून नव्या प्लास्टरचा एकच चौकोन दिसला की तिथंच बोट ठेवायचं.

सामायिक भिंतीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण पेठेत खरी भांडणं तिथंच होतात. एका भिंतीत दोन्ही घरांच्या तुळया रुतलेल्या असतात. घरं एकमेकांना टेकून उभी असतात, अगदी तालमीतल्या जोडीसारखी. शेजाऱ्याने आपलं घर पाडून पार्किंगसाठी खोल खणलं, की तुमचं घर एका बाजूने उघडं पडतं. तुमच्या घरात काहीच बदल झालेला नसतो आणि तरी ते कालच्यापेक्षा कमकुवत झालेलं असतं. म्हणून तपासणीला आलेल्या इंजिनियरला शेजारची दोन्ही घरंसुद्धा दाखवा.

कायदा काय म्हणतो? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ असं सांगतं की जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही, आणि नेहमीची काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडला नसता, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. आज हा कायदा आपल्यालाही आहे. पण त्यातली मेख बघा: "नेहमीची काळजी". तुम्ही काहीच तपासलं नाही तर उद्या कोर्टात समोरचा म्हणणार, बघितलं असतंत तर दिसलं असतं. ज्या इंग्रजांचा हा कायदा, त्यांच्याकडे "घेणाऱ्याने सावध राहावं" या तत्त्वाच्या जोडीला सर्व्हेयरचा अख्खा व्यवसाय उभा राहिला. लंडनमधली त्यांची संस्था १८६८ ची. घर घेणारा स्वतःच्या पैशाने सर्व्हे करून घेतो, हे तिथं अंगवळणी पडलं. आपल्याकडे कायदा आला, वकील आला, सर्व्हेयर वाटेतच राहिला.

रेरामधली बांधकामदोषाची पाच वर्षांची हमी नव्या प्रकल्पांना आहे, शंभर वर्षांच्या घराला नाही. महापालिका कायद्याच्या कलम २६५अ प्रमाणे तीस वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासणी करून दाखला द्यायचा असतो. गंमत म्हणजे वकिलाचा सर्चही तीस वर्षांचाच! पण तो दाखला एवढंच सांगतो की इमारत राहण्याजोगी आहे की नाही. तुम्हाला हवं असतं ते वेगळं: काय बदलावं लागेल, कधी, किती खर्चाने. आणि बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणून निश्चिंत राहू नका. तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो, तुमची माडी नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेशेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं. छप्पर आणि लाकूडकाम गेलं, दगडी भिंती उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी अख्खं कोल्हापूर तिथं हळहळत होतं, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: भिंती उभ्या आहेत, पण धड आहेत का? हा प्रश्न त्या दिवशी अख्ख्या गावाला सुचला.

आता कामाचं. तपासणी इसार देण्याआधी करायची, नंतर नाही. विकणारा घाई करत असेल तर निदान साठेखतात एक ओळ घालून घ्या: स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल समाधानकारक नसेल तर इसार परत. अहवालात फोटो हवेत, जोत्यापासून आढ्यापर्यंत. तुळयांची टोकं, खांबांचे पाय, छपराचे वासे, सामायिक भिंती, पाण्याचा निचरा, जुनं वायरिंग. नुसतं "इमारत ठीक आहे" असं एक पान देणाऱ्याला पैसे देऊ नका. इंजिनियर जाईल तेव्हा सोबत एक जुना सुतार न्या. पेठेत अजून मिळतात. इंजिनियर स्लॅब वाचतो, सुतार खांब वाचतो, आणि या घरांत दोन्ही आहेत. शक्य असेल तर जूनमध्ये सौदा ठरवू नका. एक पावसाळा त्या घरावरून जाऊ द्या, जुलैच्या एखाद्या संध्याकाळी छत्री घेऊन जा, आणि भिंतींना कुठवर ओल चढली आहे ते खडूने खूण करून या.