त्रिशाखी तंत्रिकाशूलावरील किरणशस्त्रक्रिया

चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या, म्हणजे ट्रायजेमिनल नर्व्हच्या मुळावर कवटी न उघडता, बहुधा एकाच बैठकीत प्रारणाची मोठी मात्रा देऊन वेदना शमविण्याची पद्धत. व्यवहारात ‘गॅमा नाइफ’ हे यंत्राचे नावच उपचाराला चिकटले आहे. त्यात सुरी कोठेही नसते.

विकार : विजेचा झटका बसावा तशी, काही सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत टिकणारी कळ, सहसा चेहऱ्याच्या एकाच बाजूस. दात घासणे, दाढी करणे, घास चावणे, गार वारा लागणे एवढे निमित्त तिला पुरते. पन्नाशीनंतर व स्त्रियांत प्रमाण अधिक. दातदुखी समजून चांगल्या दाढा काढून घेतलेले रुग्ण विरळा नाहीत. अनेकांत तंत्रिकेच्या मुळावर एखाद्या रोहिणीचा दाब आढळतो. पहिला उपाय औषधाचा, प्रामुख्याने कार्बामाझेपीन.

इतिहास : स्वीडिश मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल (1907–86) यांनी 1951 मध्ये ‘रेडिओसर्जरी’ ही संज्ञा रूढ केली. डोक्याला जखडलेल्या चौकटीवर क्ष-किरण नळी बसवून त्यांनी 1953 मध्ये या विकाराच्या दोन रुग्णांत याच तंत्रिकेच्या गुच्छावर (गँग्लियनवर) किरण सोडले आणि त्यांचा वृत्तांत 1971 मध्ये प्रसिद्ध केला. किरणशस्त्रक्रियेची ओळख आज अर्बुदांशी जोडली जाते. तिच्या पहिल्या रुग्णांत मात्र चेहऱ्याच्या कळेचे रुग्ण होते, हे सहसा सांगितले जात नाही. कोबाल्ट-60 चे 179 स्रोत असलेले पहिले गॅमा यंत्र 1968 च्या सुमारास स्टॉकहोममध्ये सुरू झाले.

त्या काळी एमआरआय नव्हता, त्यामुळे तंत्रिका दिसणार कशी ही अडचण होती. स्टेन हाकान्सन यांनी गुच्छाभोवतीच्या द्रवकोशात टँटलमची पूड सोडून ती क्ष-किरण चित्रात पाहण्याची युक्ती काढली. पूड ग्लिसरॉलमध्ये कालवलेली असे. किरण देण्याआधीच, नुसत्या टोचण्याने काही रुग्णांची वेदना गेली. गुण ग्लिसरॉलचा होता. 1981 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली ग्लिसरॉलची सुई पुढे स्वतंत्र उपचार ठरली. किरणांसाठी आखलेल्या खुणेतूनच किरणांचा प्रतिस्पर्धी जन्मला. एमआरआय आल्यावर किरणोपचार पुन्हा पुढे आला. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांतील 50 रुग्णांच्या अभ्यासात 70 ग्रे (प्रारणमात्रेचे एकक) किंवा त्याहून अधिक मात्रेचा गुण अधिक आढळला.

पद्धती : स्थानिक भूल देऊन चार स्क्रूंनी चौकट डोक्याला बसवितात, एमआरआय काढतात आणि 4 मिमी व्यासाचा एकच झोत तंत्रिकेच्या मुळावर केंद्रित करतात. जुन्या यंत्रांत 201, नव्यांत 192 स्रोत असतात. प्रत्येक शलाका स्वतंत्रपणे दुबळी, सगळ्यांच्या छेदबिंदूवरच मात्रा मोठी. कमाल मात्रा साधारणतः 70 ते 90 ग्रे. नेम मस्तिष्कस्तंभाजवळ धरावा की पुढे गुच्छाच्या बाजूस, यावर केंद्राकेंद्रांत मतभेद आहेत. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षे असल्याने यंत्र जुने होईल तसा बैठकीचा वेळ लांबतो. कोबाल्ट नसलेले, रेषीय त्वरकावर चालणारे ‘सायबरनाइफ’ लेक्सेल यांच्याकडे शिकलेल्या जॉन ॲडलर यांनी स्टॅनफर्ड येथे विकसित केले.

परिणाम : गुण लगेच येत नाही, काही दिवस ते काही महिने लागतात, तोवर गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. मार्सेय येथील झाँ रेजिस व सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दिलेल्या 497 रुग्णांच्या आढाव्यात आरंभी सुमारे 92 टक्के वेदनामुक्त झाले. दहा वर्षांनी औषधाविना वेदनामुक्त राहण्याची शक्यता सुमारे 45 टक्के भरली. मुख्य दुष्परिणाम चेहऱ्याची बधिरता. उपचार पुन्हा करता येतो, पण बधिरतेचा संभव वाढतो. किरण वेदना नेमके कसे थांबवितात, याबाबत एकमत नाही. रोहिणीचा दाब ते दूर करीत नाहीत. प्रकृती धडधाकट असलेल्या रुग्णात रोहिणी बाजूला सारणारी खुली शस्त्रक्रियाच अधिक टिकाऊ. वृद्ध, हृदयविकारी किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांसाठी किरण.

भारत : मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात 1997 मध्ये गॅमा नाइफ आले.