धुरातून निघालेले पाणी जाते कुठे?

(१/९)
महाडहून पोलादपूरकडे निघालात की सावित्री कधी दिसते, कधी झाडीआड जाते. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी पोलादपूर व महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. आजचा विषय तिच्याशीच निगडित आहे. मात्र त्याची सुरुवात दूरदेशीच्या एका तळघरातून करावी लागेल.

(२/९)
अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या घरी ऊब देणारी गॅसची फर्नेस असते. जुन्या फर्नेसमध्ये ज्वलनातून निर्माण होणारी वाफ धुरासोबत निघून जाई. १९८० च्या दशकापासून रुळलेल्या नव्या फर्नेसमध्ये धूर इतका थंड करतात की वाफेचे पाणी होते. त्या वेळी बाहेर पडणारी उष्णताही घराला मिळते आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर जाते.

(३/९)
१ किलो मिथेन जळाला की सुमारे सव्वादोन किलो पाणी तयार होते. धुरातील कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात विरघळतात, त्यामुळे हे पाणी आम्लधर्मी असते; सामू साधारण ३ ते ५. ते लोखंडी नळ आणि सिमेंट हळूहळू खाते. म्हणून गटारात सोडण्यापूर्वी ते चुनखडीच्या किंवा संगमरवराच्या खड्यांतून नेतात.

(४/९)
धूर थंड केला, पण त्याचे पाणी कुठे सोडायचे? हा प्रश्न फर्नेसपेक्षा पुष्कळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मिठापासून धुण्याचा सोडा बनवणारे कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू हवेत सोडीत. आसपासची शेते आणि झाडे करपून जात. १८३६ साली विल्यम गॉसेज याने उपाय शोधला : काटक्याकुटक्यांनी भरलेल्या मनोऱ्यात वरून पाणी सोडायचे, खालून वायू, वायू पाण्यात विरघळतो.

(५/९)
१८६३ च्या ‘अल्कली ॲक्ट’ने असा किमान ९५ टक्के वायू अडवणे बंधनकारक केले. पहिला निरीक्षक होता रॉबर्ट अँगस स्मिथ. ‘आम्लवर्षा’ ही संज्ञा रूढ करणारा रसायनशास्त्रज्ञ तो हाच. हवा सुधारली. पण आम्लाचे पाणी अनेक कारखानदारांनी जवळच्या ओढ्या-नद्यांत सोडले. कायद्याची नजर धुराड्यावर होती, नाल्यावर नव्हती. नद्यांच्या प्रदूषणाचा कायदा यायला १८७६ साल उजाडले.

(६/९)
आता सावित्रीकडे येऊ. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला, केंद्राने १९७४ साली. नदीत सोडायच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा, असा दंडक आहे. आम्ल मारण्यासाठी आजही मुख्यतः चुनाच वापरतात. तळघरातल्या त्या खड्यांचेच हे मोठे रूप.

(७/९)
पण चुना फक्त आम्ल मारतो. रंग, क्षार व सेंद्रिय रसायने काढायला पुढच्या प्रक्रिया लागतात; म्हणूनच महाडला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. त्यातच ही नदी भरती-ओहोटीची. खाली सोडलेले पाणी थेट समुद्रात जात नाही. भरतीबरोबर ते मागे फिरते. खाडीकाठचे मासेमार प्रदूषणाची तक्रार वर्षानुवर्षे करत आले आहेत, त्यामागचे एक कारण येथे सापडते.

(८/९)
कागदावरचा नियम आणि प्रत्यक्ष पाणी यांतले अंतर महाडला नवे नाही. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तरीही अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना तिथे पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. आणि न्यायालयीन लढा संपायला १९३७ साल उजाडले. दोन्ही अन्याय सारखे नाहीत, त्यांची तुलना करू नये. पण धडा एक आहे : पाण्याचा हक्क ठरावाने मिळत नाही, तो काठावर जाऊन तपासावा लागतो.

(९/९)
हवेतून काढलेली घाण नाहीशी होत नाही. ती पाण्यात उतरते. पाण्यातून काढली तर गाळात उरते. म्हणून ‘आम्ही शुद्ध केले’ असे कोणी म्हणाले, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढेच विचारावे : जे काढले, ते कुठे ठेवले? आणि तिथे खालच्या अंगाला कोण राहते?